डायलिसिसनंतरची हुडहुडी: रक्तातल्या संसर्गाच्या साथीचा माग

मशीन एका गावी, ताप दुसऱ्या गावी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा मशीनवर जावे लागते, दर वेळी साधारण चार तास. औंढा नागनाथ तालुक्यातल्या रुग्णासाठी याचा अर्थ बहुधा हिंगोली, परभणी किंवा नांदेड गाठणे. गेल्या काही वर्षांत ही वाट थोडी सोपी झाली. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशीन आली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत प्रवासही मोफत आहे.

ताप मात्र अनेकदा घरी पोचल्यावर चढतो. दुपारी मशीनवरून सुटलेला माणूस संध्याकाळी गावी येतो आणि रात्री त्याला हुडहुडी भरते. घरचे त्याला जवळच्या डॉक्टरांकडे नेतात. तिथे अँटिबायोटिकचे इंजेक्शन मिळते, ताप उतरतो आणि दोन दिवसांनी तो पुन्हा मशीनवर जातो. तिथे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. त्याच आठवड्यात त्याच युनिटमधल्या वसमतच्या एकाला, कळमनुरीच्या एकीला आणि सेनगावच्या आणखी एकाला असाच ताप आला, तर चार डॉक्टरांनी चार वेगळे ताप पाहिलेले असतात. साथ कुणालाच दिसलेली नसते.

या विषयातली सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते. प्रयोगशाळा, तज्ज्ञ, महागड्या चाचण्या या गोष्टी नंतर येतात. विखुरलेले ताप एका कागदावर आले, तरच तपासाला सुरुवात होते.

जंतूंना वाट मिळते कुठून

डायलिसिसमध्ये मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास रक्त शरीराबाहेर काढून, डायलायझर या गाळणीतून फिरवून परत आत सोडतात. त्यासाठी हातावर शस्त्रक्रिया करून शीर आणि धमनी जोडतात, तो फिस्टुला. तो तयार व्हायला आठवडे लागतात. ज्यांचे निदान उशिरा होते त्यांच्या मानेत किंवा जांघेत घाईने कॅथेटर घालावा लागतो. पुढे अनेकांच्या छातीवर परमकॅथ, म्हणजे जास्त काळ ठेवायचा कॅथेटर, येतो. या नळीचे एक टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते आणि दुसरे बाहेर, कपड्याखाली. नळी जोडताना-सोडताना हात धुतलेला नसेल, तोंड नीट घासून निर्जंतुक केले नसेल, ड्रेसिंग ओले राहिले असेल, तर कातडीवरचा जंतू सरळ रक्तात जातो. यात सर्वांत धोकादायक स्टॅफिलोकोकस ऑरियस. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, २०१७ ते २०२० या काळातली आकडेवारी तपासली. डायलिसिसवर असलेल्या प्रौढाला या जंतूचा रक्तसंसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या शंभरपट असल्याचे तिच्यातून निघाले.

कॅथेटरखेरीजची दुसरी वाट पाणी, मशीन आणि औषधांतून जाते. तिथले जंतू वेगळे असतात: बर्खोल्डेरिया, राल्स्टोनिया, स्युडोमोनास, सेरेशिया. यांना ओल पुरते. त्यामुळे प्रयोगशाळेतून आलेले जंतूचे नावच तपासाची दिशा बरीचशी ठरवते. स्टॅफिलोकोकस निघाला तर आधी हात, कातडी आणि कॅथेटर पाहायचे. दोघा-तिघांच्या रक्तात एकाच जातीचा पाण्यातला जंतू निघाला तर पाणी, जंतुनाशक, औषधाच्या कुप्या आणि मशीन यांच्याकडे वळायचे.

रक्त आधी, अँटिबायोटिक नंतर

ब्लड कल्चर केले नसेल तर जंतूचे नाव कळणार नाही, आणि अँटिबायोटिक देऊन मग केले तर ते बहुधा कोरे येईल. तपासाची पहिली कडी इथेच तुटते. मोठ्या माणसाच्या रक्ताचे दोन संच घ्यायचे, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर. कॅथेटर असेल तर एक संच त्यातून आणि जमल्यास दुसरा हाताच्या शिरेतून. दोन्हींत तोच जंतू आला, पण कॅथेटरच्या बाटलीत तो दोन तास किंवा त्याहून जास्त आधी वाढला, तर संशय कॅथेटरवर जातो.

हुडहुडी भरली म्हणजे रक्तात जंतू असतीलच असे नाही. पाण्यातले जंतू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, उरतात आणि ते डायलायझरच्या पडद्यातून पलीकडे जाऊ शकतात. मशीनवर घेताना ताप नसलेला रुग्ण अशा वेळी तास-दोन तासांत कापायला लागतो आणि कल्चर मात्र कोरे येते. एकाच शिफ्टमध्ये तिघे कापू लागले आणि तिघांचीही कल्चर कोरी आली, तर 'काही निघाले नाही' म्हणून फाइल बंद करू नये. तेही पाण्याकडेच बोट दाखवणारे लक्षण आहे.

कारण जंतूही नसेल, एंडोटॉक्सिनही नसेल, असेही घडले आहे. २००७ च्या अखेरीस अमेरिकेत सेंट लुईस इथल्या बालरुग्णालयात डायलिसिसवरच्या मुलांना अचानक तीव्र प्रतिक्रिया येऊ लागल्या. शोध घेतल्यावर, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनमध्येच भेसळ निघाली. तेव्हा सुरुवातीला शक्यता मोकळ्या ठेवलेल्या बऱ्या.

साथ म्हणायची केव्हा

जिथे नेहमीची पातळीच मोजलेली नाही तिथे वाढ कळणार कशी? म्हणून डायलिसिस युनिटने दर महिन्याला एक साधा हिशेब ठेवायचा असतो: शंभर रुग्ण-महिन्यांमागे किती रक्तसंसर्ग झाले. चाळीस रुग्ण महिनाभर आले तर चाळीस रुग्ण-महिने. कॅथेटरवाले आणि फिस्टुलावाले वेगळे मोजायचे, कारण दोघांच्या धोक्यात मोठी तफावत असते.

पाण्यातल्या जंतूंसाठी मात्र वाढीची वाट पाहू नये. थोड्या दिवसांत दोन रुग्णांत एकच दुर्मीळ जंतू सापडला, एवढ्यावर तपास सुरू झाला पाहिजे.

नोंदवहीतून निघणारा माग

आधी 'रुग्ण कुणाला म्हणायचे' ते लिहून ठरवतात. उदाहरणार्थ: अमुक तारखेपासून या युनिटमध्ये डायलिसिस घेतलेली, डायलिसिस सुरू झाल्यापासून ४८ तासांत थंडी वाजून ताप आलेली किंवा कल्चरमध्ये जंतू आढळलेली व्यक्ती. सुरुवातीला व्याख्या सैल ठेवतात, म्हणजे कुणी निसटत नाही. मग जुनी कागदपत्रे उपसून आणि प्रत्येक रुग्णाला फोन करून शोध घेतात. गावच्या डॉक्टरांनी उतरवलेला ताप याच टप्प्यावर हाती लागतो.

त्यानंतर यादी. एका ओळीत एक रुग्ण: वय, गाव, डायलिसिसचा वार, शिफ्ट, मशीनचा क्रमांक, कॅथेटर की फिस्टुला, जोडणारा टेक्निशियन, डायलायझर नवा की पुन्हा वापरलेला आणि कितव्यांदा, हेपरिन, लोह आणि इपो या रक्त वाढवण्याच्या इंजेक्शनच्या कुपीचा बॅच क्रमांक, थंडी किती वाजता वाजली, कल्चरचा निकाल. यातले अर्धे रकाने रोजच्या नोंदवहीत नसतील तर तपास तिथेच लंगडा होतो. मशीनचा क्रमांक आणि बॅच क्रमांक हे दोन रकाने बहुतेक ठिकाणी कोरे राहतात आणि नेमके तेच सर्वांत मोलाचे ठरतात.

यादीवरून घाईने निष्कर्ष काढण्यात एक फसगत आहे. समजा, चाळीस रुग्णांच्या युनिटमध्ये पंधरवड्यात पाच जणांना रक्तसंसर्ग झाला आणि पाचांपैकी चौघांना कॅथेटर होता. दोष कॅथेटरचा असे लगेच वाटेल. पण उरलेल्या पस्तीस जणांपैकी अठ्ठावीस जणांनाही कॅथेटरच असेल, तर प्रमाण दोन्हीकडे ऐंशी टक्के झाले आणि कॅथेटरने काहीच सिद्ध केले नाही. आता पाचांपैकी चौघे दुपारच्या शिफ्टचे आहेत आणि पस्तिसांतले फक्त दहा दुपारचे, असे निघाले तर दुपारी काय वेगळे घडते याकडे नजर वळते. म्हणूनच आजारी न पडलेल्यांची माहितीही तितक्याच काळजीने गोळा करावी लागते. तपासातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा यातूनच निघते.

नमुने घेण्याचीही एक वेळ असते. साथीचा संशय आला की पहिली ऊर्मी सगळे धुऊन-पुसून काढण्याची होते. आरओची टाकी रिकामी करतात, पाइपलाइनमध्ये जंतुनाशक सोडतात, उघड्या कुप्या कचऱ्यात टाकतात. मग प्रयोगशाळेत पाठवायला पुरावाच उरत नाही. नमुने घ्यावेत, उघड्या कुप्या बॅचसह बाजूला ठेवाव्यात आणि लगेच, त्याच दिवशी, निर्जंतुकीकरण करावे. दुसऱ्या टोकाला जाऊन भिंती, पंखे, दाराच्या कड्या यांवर स्वॅब फिरवण्यातही अर्थ नाही. कुठे ना कुठे काहीतरी उगवणारच आणि तपास भरकटणार. नमुना कुठून घ्यायचा हे यादी सांगते.

कोलोरॅडोतला एक महिना

१९९९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका डायलिसिस केंद्रात महिनाभरात दहा रक्तसंसर्ग झाले. सगळ्यांच्या रक्तात सेरेशिया लिक्विफेसियन्स हा एरवी क्वचित दिसणारा जंतू. शिवाय सहा जणांना थंडी वाजून ताप आला, पण त्यांच्या रक्तात जंतू निघाला नाही.

अशा जंतूसाठी पहिला संशय पाण्यावर जातो. तपास करणाऱ्यांनी ज्या दिवशी हे ताप आले त्या दिवसांची सगळी डायलिसिस सत्रे घेतली, आजारी आणि ठणठणीत दोघांचीही, आणि त्यांची तुलना केली. दोन गोष्टी वर आल्या. ताप ठरावीक दोन शिफ्टमध्ये जास्त होते, आणि इपोचा मोठा डोस मिळालेल्यांमध्ये जास्त होते. इपोचे इंजेक्शन आपल्याकडच्या डायलिसिसच्या प्रत्येक घरात माहीत आहे.

मग कर्मचारी हे इंजेक्शन कसे भरतात ते पाहिले. कुपी एकाच रुग्णासाठी, एकदाच वापरायची होती. तिच्यात जंतूंना रोखणारे रसायन नव्हते. औषध महाग, म्हणून प्रत्येक कुपीच्या तळाशी उरलेले थेंब सुई पुन्हा टोचून काढायचे, एका कुपीत साठवायचे आणि पुढच्या रुग्णांना द्यायचे अशी रीत पडली होती. साठवलेल्या औषधात, रिकाम्या कुप्यांत, हात धुण्याच्या जंतुनाशक साबणात आणि हाताला लावायच्या लोशनमध्येही तोच जंतू निघाला. जनुकीय ठसे जुळले. ही रीत बंद केली, साबण आणि लोशन बदलले आणि साथ थांबली.

या प्रकरणाने मला अस्वस्थ केले ते एका कारणाने. हात धुण्याचा साबणच दूषित होता. म्हणजे जो कर्मचारी प्रामाणिकपणे हात धूत होता तोही जंतू हातावर घेत असणार. आणि उरलेले औषध वाया जाऊ नये असे वाटण्यात वाईट हेतू नव्हता. मराठवाड्यातल्या गरीब रुग्णाच्या बाबतीत तर तो मोह कितीतरी मोठा असेल. अशा ठिकाणी 'दोषी कोण' या प्रश्नाने चौकशी सुरू झाली असती तर उरलेले थेंब साठवण्याची रीत कुणी कबूल केली नसती. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे युनिटच्या प्रमुखाने पहिल्या बैठकीत स्पष्ट बोलावे. त्याशिवाय खरी माहिती बाहेर येत नाही.

सांडपाण्याचे तोंड, फेरवापराचा डायलायझर

१९९५ मध्ये कॅनडात आणि १९९७ मध्ये अमेरिका व इस्रायल इथे डायलिसिस केंद्रांत रक्तसंसर्गाच्या साथी आल्या. तिन्ही ठिकाणी माग एकाच जागी गेला. रुग्णाला जोडण्यापूर्वी नळ्यांतून सोडलेले सलाइन टाकून देण्यासाठी मशीनला एक तोंड होते, ते सांडपाण्याच्या नळीला जोडलेले. एकेरी झडपा नीट काम करीत नव्हत्या तिथे सांडपाणी उलटे येऊन रुग्णाच्या नळ्यांना लागत होते. मशीनचा क्रमांक नोंदवलेला असणे का महत्त्वाचे, ते इथे कळते.

भारतात डायलायझर धुऊन त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास आहे. योग्य रीतीने केले तर ती चालते. चुकले तर काय होते ते अमेरिकेतल्या लुइझियानातल्या एका केंद्रात १९८२ मध्ये दिसले. तिथे १४० पैकी २७ रुग्णांना मायकोबॅक्टेरियम चेलोनीचा संसर्ग झाला. डायलायझर २ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवत होते आणि तेवढ्याने हा चिवट जंतू मरत नव्हता. पुढे शिफारस ४ टक्क्यांवर गेली. डायलायझरच्या टोकाशी असलेल्या रबरी कड्याखाली जंतुनाशक पोचले नाही आणि त्यातून साथ आली, असेही अमेरिकेत घडले. ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

टँकरचे पाणी

डायलायझरच्या पडद्यापलीकडून वाहणारे द्रावण, म्हणजे डायलिसेट, मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहते. चार तासांचे झाले १२० लिटर. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताला आठवड्यात ३६० लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून लागून जाते. एवढे पाणी माणूस कित्येक महिन्यांत पितो आणि तेही पोटातून गाळून.

१९९६ च्या फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या करुआरू शहरातल्या एका केंद्रात शंभरावर रुग्णांना डायलिसिसनंतर मळमळ, उलट्या, नजर अंधुक होणे असा त्रास झाला आणि यकृतावर घाला आला. त्यातले किमान पन्नास दगावले. शहरातल्या दुसऱ्या केंद्रात असे काही घडले नाही. पहिल्या केंद्रात पाणी टँकरने येत होते आणि त्याची पुरेशी प्रक्रिया झालेली नव्हती. तलावातल्या नीलहरित शेवाळाचे मायक्रोसिस्टिन हे विष त्यातून रक्तात गेले होते. हा संसर्ग नव्हता, पण दोन केंद्रांतला फरक शोधण्याची तपासाची रीत तीच होती.

मराठवाड्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर फिरतात. पाण्याचा स्रोत बदलला की त्याची माहिती डायलिसिसच्या टेक्निशियनपर्यंत त्याच दिवशी पोचली पाहिजे. विहिरीचे पाणी, धरणाचे पाणी आणि टँकरचे पाणी यांना आरओ प्लांटवर वेगवेगळे लक्ष द्यावे लागते.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपले रक्षण करतो, पण डायलिसेटमध्ये गेला तर तांबड्या पेशी फोडतो. म्हणून तो कार्बनच्या टाकीत काढून टाकतात. तिथून पुढे पाण्याला राखणदार नसतो. टाकीत, पाइपच्या वळणात, वापर नसलेल्या फांदीत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, न घासलेल्या रांजणाच्या तळाला धरतो तसा. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार डायलिसिसच्या पाण्यात मिलिलिटरला १०० पेक्षा कमी जिवाणू आणि ०.२५ एककांपेक्षा कमी एंडोटॉक्सिन हवे. ५० जिवाणू किंवा ०.१२५ एकक दिसले की दुरुस्तीला लागायचे. या जंतूंना कमी खुराक आणि साध्या खोलीचा थंडावा लागतो. नेहमीच्या सकस माध्यमात आणि घाईत तपासले तर ते दिसत नाहीत. आर-टू-एसारख्या माध्यमावर सात दिवस थांबावे लागते. २४ तासांत 'पाणी चांगले' असा अहवाल आला तर तो कोणत्या पद्धतीने काढला ते विचारावे.

कारण सापडेपर्यंत

शस्त्रक्रियागृह चार दिवस बंद ठेवता येते, डायलिसिस युनिट येत नाही. दोन पाळ्या चुकल्या तर फुप्फुसात पाणी भरते, पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. रुग्ण दुसरीकडे हलवायचे तर नांदेड-परभणीच्या युनिटमध्ये तेवढ्या जागा हव्यात आणि नेणारे माणूस हवे. म्हणून बहुतेक वेळा युनिट चालू ठेवून तपास करावा लागतो. तोवर डायलायझरचा फेरवापर थांबवावा, एका कुपीतून अनेकांना औषध देणे थांबवावे, संशयित मशीन बाजूला काढावे, पाइपलाइन निर्जंतुक करावी आणि कॅथेटर जोडताना शेजारी दुसरे माणूस उभे करून प्रत्येक पायरी पाहावी.

या साध्या पायऱ्यांचा गुण मोजलेला आहे. सीडीसीबरोबर काम केलेल्या १७ अमेरिकी केंद्रांनी हातांची स्वच्छता, कॅथेटरचे तोंड घासणे, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, कर्मचाऱ्यांची नियमित पाहणी आणि रुग्णांचे शिक्षण एवढ्यावर भर दिला. त्यांचे रक्तसंसर्ग ३२ टक्क्यांनी कमी झाले. कॅथेटर किंवा फिस्टुलाशी थेट निगडित संसर्ग तर ५४ टक्क्यांनी उतरले.

कळवायचे कुणाला, लिहायचे काय

देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे आणि जिल्ह्यात सर्वेक्षण अधिकारी असतो. या कार्यक्रमाचा रोख मुख्यतः गॅस्ट्रो, डेंग्यू, गोवर अशा गावातल्या साथींवर असतो, पण रुग्णालयातल्या साथीतही माणसे शोधण्याचे आणि यादी करण्याचे कसब तेच लागते. जिल्हा शल्यचिकित्सक आणि सर्वेक्षण अधिकारी दोघांनाही कळवावे. सूक्ष्मजीवशास्त्राची मदत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मागता येते. २०२४ मध्ये हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

औंढ्यातल्या किंवा वाडी-तांड्यावरच्या डॉक्टरांना रात्री असा रुग्ण आला तर त्यांनी आधी युनिटला फोन करावा. कॅथेटरभोवती पू किंवा लाली आहे का पाहावे. कल्चरची सोय असेल तर रक्त आधी घ्यावे, नसेल तर रुग्ण गंभीर होण्याआधी हिंगोलीला पाठवावा. सलाइन सढळ हाताने लावू नये, कारण ते पाणी बाहेर काढायला या माणसाकडे मूत्रपिंड नाही. फिस्टुलाच्या हातात सुई टोचू नये. दिलेल्या औषधाचे नाव, तारीख आणि वेळ चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाच्या डायलिसिसच्या फाइलमध्ये ठेवायला सांगावी.

युनिटमध्ये टेक्निशियनने प्रत्येक रुग्णाला मशीनवर घेण्यापूर्वी वजन आणि बीपी पाहताना तीन प्रश्न विचारावेत: मागच्या डायलिसिसनंतर ताप आला का, थंडी वाजली का, कुणाला दाखवले का. उत्तरे त्याच ओळीत लिहावीत. उत्तर 'नाही' असले तरी तेही लिहावे, कारण तुलना करायची वेळ आली की ताप न आलेल्यांची नोंद शोधावी लागते आणि तेव्हा ती आठवणीतून काढता येत नाही.